खो-खोच्या पाटीवरील मुली

श्रोतृवर्गापैकीं ज्यांनीं आषाढीची वारी पायीं केली असेल, त्यांस सोलापूर जिल्ह्यांतील वेळापूर निराळें सांगावयास नको. माळशिरस सोडून पालखी या गांवाकडे निघाली, कीं वाटेंत एक उंचवटा लागतो. तुकोबांस तेथून पंढरीचा कळस दिसला आणि ते भान विसरून धावत सुटले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. म्हणून सारा मेळा तो उतार धावत उतरतो. यासच धावा म्हणतात. डोकीवर तुळशीवृंदावन घेतलेल्या बायाही त्या गर्दींत पदर खोवून धावत असतात. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत मात्र बाईमाणसानें धावणें खेड्यास फारसें रुचत नाहीं, आणि न्हातीधुती झालेल्या मुलीनें तर मुळींच नाहीं.

याच वेळापुरांत अर्धनारी नटेश्वराचें प्राचीन देऊळ आहे, आणि त्या देवाचें नांव धारण करणारें खो-खोचें क्रीडा मंडळही आहे. 2025 सालीं पहिली जागतिक स्पर्धा जिंकणाऱ्या भारतीय पुरुषसंघांतील रामजी कश्यप हा तरुण याच गांवचा. मुलांच्या पराक्रमाची वार्ता लवकर पसरते. परंतु ज्या देवाचें अर्धें अंग स्त्रीचें, त्याच्या नांवाचें मंडळ शोभतें तें मुलीही त्या मैदानावर उतरतात म्हणूनच.

खो-खो हा लहान पोरांचा पळापळीचा खेळ, असा पुष्कळांचा समज असतो. तो एकदां जवळून पाहावा. दोन खांबांमधील पाटीवर आठ जणी उकिडव्या बसलेल्या असतात. एकीचें तोंड या बाजूस, तर शेजारणीचें त्या बाजूस. नववी पाठलाग करते. बसलेलीस आपण होऊन उठतां येत नाहीं. पाठीवर थाप पडून खो हा शब्द कानीं येईपर्यंत तिनें वाट पाहावयाची, आणि तो येतांच बाणासारखें सुटावयाचें. एकदां दिशा धरली कीं खांब गांठेपर्यंत मागें फिरावयाचें नाहीं, आणि मधली पाटीही ओलांडावयाची नाहीं. पळणारीस मात्र कोठूनही वळतां येतें. ती बसलेल्यांच्या मधून नागमोडी जाते, हुलकावणी देते आणि खांबाच्या आड होते. पायांनीं ती हातीं लागत नाहीं, तेव्हां पाठलाग करणारीस एकच उपाय उरतो. तो म्हणजे सूर. भर वेगांत अंग झोकून द्यावयाचें, हात लांबवून पळणारीच्या अंगास बोटें लावावयाचीं आणि मग जमिनीवर यावयाचें. खांबाच्या आधारानें मारलेला सूर निराळा, अधांतरीं झेपावून मारलेला निराळा. दोहोंत छातीनें जमीन गांठावी लागते.

या सुराशींच घरच्यांची खरी हरकत असते. मुलगी पळते हें एक वेळ चालेल. पण तिचे गुडघे फुटतात, कोपरें सोलतात, आणि व्रण राहिलेल्या मुलीस पाहावयास आलेले पाहुणे काय म्हणतील, हा प्रश्न आईच्या जिवास लागतो. ही चिंता हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. 2019 ते 2021 या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील 20 ते 24 वर्षांच्या स्त्रियांपैकीं सुमारें 22 टक्क्यांचीं लग्नें अठराव्या वर्षापूर्वीं झालेलीं आढळलीं. ज्या वयांत खेळाडूचा सूर पक्का होतो, त्याच वयांत तिच्या लग्नाच्या गोष्टी सुरू होतात. मैदानावर जाणारी मुलगी, निदान तेवढे हंगाम तरी, ही घटका पुढें ढकलीत असते.

या खेळास नियमांत बांधण्याचें काम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें 1914 च्या सुमारास केलें. अखिल भारतीय स्पर्धा 1959-60 सालीं विजयवाड्यास सुरू झाली ती पुरुषांची. स्त्रियांस पुढच्या वर्षीं कोल्हापुरास प्रवेश मिळाला. एका वर्षाचेंच अंतर! इतर कित्येक खेळांत तें पुष्कळ अधिक पडलें. पुरुषांतील सर्वोत्तम खेळाडूस एकलव्याचें नांव मिळतें, स्त्रियांतील सर्वोत्तम खेळाडूस राणी लक्ष्मीबाईचें.

वेळापुराच्या मुलींस दूरचें उदाहरण शोधावें लागत नाहीं. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यांतील सारिका काळे यांनीं 2016 सालीं दक्षिण आशियाई स्पर्धेंत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघाचें नेतृत्व केलें आणि 2020 सालीं त्यांस अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोस तो मान 22 वर्षांनीं लाभला. दिवसांतून एकदांच जेवण मिळे असे दिवस आपण काढले, हें त्यांनीं स्वतःच सांगितलें आहे. पुरस्काराच्या वेळीं त्या तुळजापुरास क्रीडा अधिकारी होत्या. खेड्यांतल्या बापास सुवर्णपदकापेक्षां हें शेवटलें वाक्य अधिक पटतें, आणि त्यांत त्याला दोष देण्याचें कारण नाहीं. खो-खोस बॅट लागत नाहीं, चेंडू लागत नाहीं. दोन खांब आणि मोकळी जागा पुरते. खेळाच्या जोरावर सरकारी नोकरी मिळाली, कीं घरांत मुलीच्या शब्दास वजन येतें.

2025 च्या जानेवारींत दिल्लीस झालेल्या जागतिक स्पर्धेंत भारतीय स्त्रियांच्या गटांत इराणचा संघ होता. आपल्या संघानें त्यास 100 विरुद्ध 16 असें हरविलें, आणि प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखालीं पुढें नेपाळवर मात करून विजेतेपद मिळविलें. पण त्या हरलेल्या मुलींची गोष्ट गुणांत मोजण्याजोगी नाहीं. 1979 च्या क्रांतीनंतर त्यांच्या देशांत पुरुषांचे फुटबॉलचे सामने मैदानांत बसून पाहणेंही स्त्रियांस सुमारें चाळीस वर्षें मना होतें. 2019 सालीं तें बंधन थोडें सैल झालें. त्या देशांत कांहीं तरुणी भिंती आणि कठडे ओलांडीत जाण्याचा पार्कूर नांवाचा धाडसी खेळही खेळतात. अशा देशांतून निघून परक्या मातीचा हा खेळ शिकावा आणि ज्यांचा तो जन्माचा आहे त्यांच्यासमोर उभें राहावें, यास धैर्य लागतें.

मोठ्या स्पर्धा आतां मऊ मॅटवर होतात. गुडघे वांचतात हें खरें. पण मातीवर शिकलेल्या मुलीस त्या गादीवर पायांची पकड निराळी वाटते, सुराचा अंदाज चुकतो, आणि पहिला डाव ती संवय होण्यांतच घालविते. मॅट घेणें लहान मंडळांस परवडत नाहीं. म्हणून पुष्कळ गांवांत आजही संध्याकाळीं मुलीच मैदानावर पाणी शिंपडतात, खडे वेंचून बाजूस टाकतात, फक्कीनें रेषा आंखतात, आणि मग पाटीवर जाऊन बसतात.