ढेकणांची लाज कोणी बाळगायची?

(मुंबईतील बीडीडी चाळींच्या पुनर्विकासानिमित्त महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



आज आपण ढेकणांविषयी बोलणार आहोत. हसू नका. पाण्यासाठी, संडासांसाठी बायका मोर्चे काढतात, पण ढेकणांवर बैठक होत नाही. घरात ढेकूण निघाले की बोट बाईकडेच जाते. सासू म्हणते, सून गबाळी. पाहुणे मुक्काम टाळतात. मग बाई गप्प बसते, रात्री दिवा लावून एकटीच गादीच्या शिवणी तपासते आणि सकाळी अर्धवट झोपेत कामाला जाते.

आता वस्तुस्थिती पाहू. ढेकूण घाणीवर नव्हे, रक्तावर जगतो. लख्ख घरातही माणूस झोपतोच, तेवढे त्याला पुरते. त्याला पंख नसतात. भिंतीच्या भेगांतून, विजेच्या वायरींच्या कडेने तो शेजारच्या खोलीत चालत जातो. बीडीडी चाळी सरकारने १९२० च्या दशकात बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती, आणि एकेक खोली साधारण १६० चौरस फुटांची. एका भिंतीला दोन संसार. एकीने खोली फवारली की काही ढेकूण शेजारणीकडे सरकतात आणि पुढे परत येतात. म्हणून मजलाच्या मजला, शक्यतो सगळी इमारत, एकाच वेळी फवारली पाहिजे.

एका फवारणीने काम होत नाही. बहुतेक औषधांनी अंडी मरत नाहीत. आपल्या हवेत ती आठ-दहा दिवसांत फुटतात. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरी फवारणी हवीच. डीडीटीला न जुमानणारे ढेकूण १९४७ सालीच हवाई बेटांवर आढळले होते. आज इतर पुष्कळ औषधांचीही तीच गत आहे. मात्रा वाढवली तर ढेकूण मरतीलच असे नाही, विष मात्र मुलांच्या अंगात जाईल. रॉकेल शिंपडू नका, आग लागते. धान्याच्या गोदामातल्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात कधीही ठेवू नका. त्यांचा वायू शेजारच्या खोलीत झोपलेल्यांचाही जीव घेऊ शकतो.

उष्णतेपुढे मात्र ढेकूण आणि अंडी दोन्ही टिकत नाहीत. चादरी, अभ्रे, कपडे ६० अंशांच्या कडकडीत पाण्यात भिजवा. खाटेच्या फटींत उकळते पाणी ओता. भिंतीच्या भेगा बुजवा, तसबिरींच्या मागे पाहा. आणि हे काम एकट्या बाईचे नाही. खाट उचलायला घरातल्या पुरुषांनी हात लावावा.

खर्च कोणाचा? अमेरिकेतही सरकारी वसाहतींत हाच प्रश्न उभा राहिला. तेथील केंद्रीय गृहनिर्माण खात्याने २०१२ साली सूचना काढली की, ढेकणांवरील उपचाराचा खर्च भाडेकरूच्या माथी मारू नये. भिंती सरकारच्या, तर भिंतीतल्या ढेकणांचा बंदोबस्तही सरकारनेच करावा, ही मागणी आपणही करू शकतो.

हे आत्ताच का? वरळीत नव्या इमारतीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये मिळाल्या. बाकीच्यांचीही पाळी येईल. खाटा, गाद्या, कपाटे यांच्यासोबत ढेकूणही ५०० चौरस फुटांच्या घरात मुक्कामाला येतील, आणि तिथेही बोट बाईकडेच जाईल.

तेव्हा प्रत्येक मजल्यावरच्या दोघींनी खोल्याखोल्यांतून फिरून यादी करावी. यादीत खोलीचा नंबर लिहा, कोणाला नावे ठेवू नका. मग सर्वांच्या सह्यांचा अर्ज म्हाडाला देऊ. स्थलांतरापूर्वी सामानासह दोन फवारण्या व्हाव्यात. औषधाचे नाव मराठीत आधी कळावे. गरोदर बाया, तान्ही मुले, दमेकरी यांची त्या दिवशी दुसरीकडे सोय व्हावी.

पहिले नाव कोण लिहिणार, याची वाट पाहू नका. शेजारणीच्या घरीही ढेकूण आहेत. तीही तुमच्यासारखीच गप्प आहे.