नंबर वारंवार बदलतो तेव्हा

शिंदखेड्यासारख्या तालुक्याच्या गावी एखाद्या तरुणाच्या चष्म्यातला सिलिंडरचा नंबर दर काही महिन्यांनी वाढत असेल, तर नुसता चष्मा बदलून भागणार नाही. केराटोकोनसची शंका घ्यायलाच हवी. यात डोळ्याचं समोरचं पारदर्शक पटल पातळ होऊन शंकूसारखं पुढे येतं. एवढा दुर्मीळ आजार, त्याची काळजी कशाला, असं कुणी म्हणेल. नागपूरजवळच्या ग्रामीण भागात तिशीपुढच्या लोकांची तपासणी झाली; २००९ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत हे प्रमाण २.३ टक्के निघालं. निकष फक्त पटलाच्या वक्रतेचा होता, त्यामुळे आकडा फुगलेला असू शकेल, हे मान्य. तरी दुर्लक्ष करावं इतका तो लहान नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार: पटलाचा नकाशा काढणारं यंत्र तालुक्याला आणायचं कुठून? पण काही खुणा साध्या साधनांनीही दिसतात. रेटिनोस्कोपचा प्रकाश टाकला की आतली चमक कात्रीच्या पात्यांसारखी उघडमीट करते, आणि ही खूण बरीच लवकर सापडते. स्लिट लॅम्पखाली शंकूच्या तळाशी लोहाचं तपकिरी कडं दिसतं. पटलाच्या खोल थरात बारीक रेघा असतात, डॉक्टरांनी डोळ्यावर हलका दाब दिला की त्या तेवढ्यापुरत्या नाहीशा होतात. रुग्णाने खाली पाहिल्यावर खालची पापणी टोकदार वाकते, ती मात्र फार उशिराची खूण. तिची वाट पाहिली, तर रिबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरण देऊन आजार थोपवण्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते. म्हणून कात्रीसारखी चमक दिसताच रुग्णाला पुढच्या तपासणीला धाडावं. आणि चोळण्याने हा आजार बळावू शकतो, म्हणून उन्हाळ्याच्या धुळीने डोळे खाजले तरी ते चोळू नयेत, डॉक्टरांकडून खाजेवर औषध घ्यावं.