साठीनंतरचे दात

आपल्या वयात दात पिवळे दिसतात ते घासण्यात कसूर झाली म्हणूनच असं नाही. वरचं कवच, म्हणजे इनॅमल, आयुष्यभराच्या वापरानं झिजतं आणि आतलं मूळचंच पिवळसर डेंटिन दिसू लागतं. ब्लीचिंगनं रंग उजळतो, पण फक्त स्वतःच्या दातांचा. पुढच्या दाताला जुनी कॅप असेल तर शेजारचे उजळतील आणि तीच उठून दिसेल. व्हिनीअर सुंदर दिसतात, खरंच. पण त्यासाठी बहुधा इनॅमल थोडं घासावं लागतं आणि गेलेलं इनॅमल परत येत नाही. मुलाच्या लग्नातल्या फोटोंसाठी धडधाकट दात घासून घेऊ नका, असं मी पेशंटना सांगते आणि माझाच धंदा बुडवते.

मला खरी काळजी हिरड्यांची वाटते. हिरडी मागे सरकली की दाताचं मूळ उघडं पडतं. त्यावर इनॅमल नसतं, म्हणून तिथं कीड लवकर लागते. त्यात बीपीच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. लाळ कमी झाली की दातांची राखणही कमी होते. गोळ्यांची यादी डेंटिस्टला दाखवा, पण गोळ्या मनानं बंद करू नका. मधुमेह असेल तर हिरड्यांतून येणारं रक्त 'उष्णता झाली' म्हणून अंगावर काढू नका. मिश्री लावणाऱ्यांनो, तीही तंबाखूच आहे. आधी हिरड्या, मग कीड, रंगाचं सगळ्यात शेवटी.

आणि चहाच्या वेळी कुणी तोंड उघडून दाखवू नका. इथं उजेड कमी आहे, दवाखान्यात या.