सुटकेची बातमी कोण छापणार?



 भिवंडीतल्या या पत्रकार संमेलनाचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. मराठी शोधपत्रकारितेचा आढावा घ्यावा, असा मला निरोप होता. बाळशास्त्री जांभेकरांच्या 1832 च्या 'दर्पण'पासून आजच्या मोबाइलवरच्या वाहिन्यांपर्यंतचा आढावा मी लिहून आणला आहे. तो स्मरणिकेसाठी संपादक मंडळाकडे देतो. इथं मात्र मला एकच गोष्ट बोलायची आहे. कितीतरी वर्षं ती मनात आहे आणि आज ती बोललो नाही तर पुन्हा कधी बोलणार?

आपण दुसऱ्यांचा हिशेब मागतो. नगरसेवकाचा, बिल्डरचा, फौजदाराचा मागतो आणि तो मागायलाच हवा. पण छापलेल्या बातमीचा हिशेब आपण कुणाला देत नाही. माणसाला अटक झाली की त्याचं नाव, गल्ली, फोटो, सगळं पहिल्या पानावर येतं. तोच माणूस आठ-दहा वर्षांनी निर्दोष सुटतो, तेव्हा आपल्याकडे जागा नसते.

सकाळच्या परिसंवादात 'सूत्रांच्या माहितीनुसार' असं लिहावं की नाही यावर वाद झाला. दोन्ही बाजूंची भाषणं मी शांतपणे ऐकली. आता मी पाहिलेलं सांगतो.

आपल्याच शहरातली गोष्ट आहे. बनावट नोटांच्या प्रकरणात एका पोराला पकडलं. काळा बुरखा घालून कॅमेऱ्यांपुढे उभं केलं. 'सूत्रांनी' त्याचे धागेदोरे कुठल्या कुठं नेले आणि एका मोठ्या दैनिकानं ते सगळं मोहल्ल्याच्या नावासकट छापलं. मी त्या दैनिकाचं नाव घेणार नाही. पुढं खटला चालला आणि पोरगा सुटला. पुरावा अपुरा म्हणून संशयाचा फायदा मिळाला, असंही नव्हतं. पंचनाम्यातला पंचच उभा केलेला निघाला होता. निकालानंतर त्याचा बाप त्या दैनिकाच्या इथल्या कार्यालयात आला. मी काही कामानं तिथंच बसलो होतो. तो सायझिंगमध्ये कामाला होता. मनगटापर्यंत खळ सुकलेली, कामावरून तसाच आलेला. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यानं निकालाची नक्कल काढली आणि रेशनकार्डाच्या कव्हरात जपून ठेवलेलं जुनं कात्रण काढलं. कात्रण टेबलावर पसरलं, त्यावर हाताची वीत ठेवली आणि म्हणाला, "साहब, वो जितना बड़ा था, उतना ही।"

वार्ताहर भला माणूस होता. त्यानं तिथल्या तिथं मुख्य कार्यालयाला फोन लावला. पलीकडून विचारणा झाली, "यात बातमी काय?" चार दिवसांनी आतल्या पानावर चार ओळी आल्या, त्याही नावाशिवाय. अटकेच्या वेळी नाव होतं आणि सुटकेच्या वेळी 'एका तरुणाची' सुटका झाली. मधल्या काळात त्या पोराच्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. परिसंवादातल्या वादाला माझं उत्तर हेच आहे. सूत्राचं नाव गुप्त ठेवा, जीव गेला तरी ठेवा. पण सूत्र खोटं निघालं तर त्याची भरपाई छापणाऱ्यानं करायची.

हे एका पोरापुरतं असतं तर मी संमेलनाचा वेळ घेतला नसता. आपल्यासारखंच यंत्रमागाचं गाव मालेगाव. 8 सप्टेंबर 2006 ला, शब-ए-बारातच्या दिवशी तिथं बॉम्बस्फोट झाले. नऊ जणांना आरोपी केलं. त्यांच्याबद्दल तेव्हा आपण काय काय छापलं, ते जुन्या फायली काढून वाचा. 25 एप्रिल 2016 ला विशेष न्यायालयानं त्यांना दोषमुक्त केलं. तोवर नवांपैकी एक जण हे जग सोडून गेला होता. आणि हा प्रश्न एका धर्माचा नाही. 2008 च्या मालेगाव स्फोटातले सातही आरोपी 31 जुलै 2025 ला निर्दोष सुटले. त्या खटल्याबद्दल कुणाचं काय मत असेल ते असो, पण मधल्या सतरा वर्षांत ज्यांनी ज्यांनी कोर्टाआधी निकाल लावला, त्यांच्यापैकी कुणी आपल्या जुन्या बातम्यांचा खुलासा केला?

हे आपल्यातल्याच एका बाईच्याही वाट्याला आलं. 11 जून 2011 ला पवईत ज्योतिर्मय डे यांची गोळ्या घालून हत्या झाली. एवढा मोठा गुन्हेविषयक बातमीदार गेला, सारे हादरलो. त्याच प्रकरणात नोव्हेंबरात पत्रकार जिग्ना व्होरा यांना अटक झाली आणि मग त्यांच्या सहकाऱ्यांनीच, त्यांच्याबरोबर पत्रकार परिषदांना बसणाऱ्यांनीच, 'सूत्रां'च्या भरवशावर त्यांच्याबद्दल वाटेल ते लिहिलं. 2018 मध्ये विशेष न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं, 2019 मध्ये उच्च न्यायालयानं ते कायम केलं. पत्रकारानं पत्रकाराचं हे केलं, तर सायझिंगवाल्याच्या पोराची काय कथा?

भिवंडीला तर हे कुणी शिकवायला नको. 7 मे 1970 ला शिवजयंतीच्या मिरवणुकीत इथं दंगल पेटली, दुसऱ्याच दिवशी जळगाव पेटलं. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगानं तपासाची चिरफाड केली आणि दंगलीच्या तपासासाठी नेमलेल्या विशेष पथकाच्याच पक्षपातावर बोट ठेवलं. तपास करणाराच एका बाजूला कलू शकतो, हे या गावानं अर्धशतकापूर्वी सरकारी अहवालात वाचलं. तरी आजही पोलिस ठाण्यातून आलेलं टिपण आपण जसंच्या तसं बातमी म्हणून लावतो आणि वर 'शोध' असा शिक्का मारतो.

आता थोडं कटू बोलतो. डोंगरीच्या तुरुंगातले 101 दिवस आपण पत्रकार दिनाच्या प्रत्येक भाषणात आणतो. टिळक-आगरकर 1882 मध्ये तुरुंगात का गेले, ते मात्र सांगत नाही. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होतोय, हे 'केसरी' आणि 'मराठा' तळमळीनं लिहीत होते. दिवाण माधवराव बर्वे यांच्या नावानं काही पत्रं त्यांच्या हाती आली, त्यांनी ती छापली आणि बर्व्यांनी खटला भरला. कोर्टात ती पत्रं बनावट ठरली. चार महिन्यांची शिक्षा झाली, सूट मिळून 101 दिवस भरले. पुढच्याच वर्षी डिसेंबरात अहमदनगरच्या किल्ल्यात गोऱ्या रक्षकाशी झालेल्या झटापटीत त्या दुर्दैवी छत्रपतींचा अंत झाला. म्हणजे मूळ काळजी खरी होती. पण काळजी खरी होती म्हणून पत्रं खरी होत नाहीत. या दोन थोरांबद्दल माझ्या मनात तिळभरही अनादर नाही. त्यांनी शिक्षा भोगली, म्हणजे छापल्याची किंमत स्वतः मोजली. आपण त्यांचा तुरुंग उचलला आणि धडा तिथंच टाकला.

कागद तपासायचा म्हणजे काय, हे नव्या मुलांसाठी सांगतो. गोदामांचा बाजार ऐन भरात असताना काल्हेर-राहनाळच्या बाजूच्या एका जमिनीची फाइल माझ्याकडे आली. सातबारा, त्यावर तलाठ्याचा शिक्का, शेजारी फेरफार क्रमांक. एका पुढाऱ्यानं आदिवासी कुटुंबाची जमीन लाटल्याचा पुरावा म्हणून ती दिली गेली. पुढारी तसा होताच, साऱ्या गावाला ठाऊक होतं. मी सज्जावर जाऊन गाव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची नोंदवही मागितली. दोनदा चावी नव्हती, तिसऱ्यांदा मिळाली. त्या क्रमांकावर दुसऱ्याच गटातली वारसनोंद होती. सातबारा कुणीतरी घरी बसून बनवला होता आणि देणारा त्या पुढाऱ्याचा गोदामातला प्रतिस्पर्धी निघाला. बातमी मी लावली नाही. ती लागली असती तर पुढारी कोर्टात हसत हसत सुटला असता आणि त्या कुटुंबाच्या खऱ्या तक्रारीवर पुन्हा कुणी विश्वास ठेवला नसता. खोट्या पुराव्यानं मरतो तो नेहमी गरिबाचा खरा दावा.

छुप्या कॅमेऱ्याबद्दलही दुपारी बरंच बोलणं झालं. 2007 मध्ये दिल्लीत एका शिक्षिकेवर रचलेलं बनावट स्टिंग वाहिनीनं दाखवलं, जमावानं तिला मारलं, तिची नोकरी गेली. वाहिनी महिनाभर बंद झाली. यापेक्षा जास्त मी काय सांगू?

प्रेस कौन्सिल आहे, पण तिच्या हाती फार तर ताशेरे. 2009 च्या निवडणुकीत महाराष्ट्रात पेड न्यूजचं प्रकरण गाजलं. कौन्सिलच्या उपसमितीनं नावानिशी अहवाल लिहिला आणि तो संपूर्ण अहवाल बाहेर यायलाच 2011 उजाडलं. तेव्हा वरून कुणी येऊन आपल्याला सुधारेल, ही आशा सोडा.

आपल्या संघटनेनं काय करावं? प्रत्येक तालुक्यात अटकेच्या बातम्यांची एक नोंदवही असावी आणि खटल्याची तारीख कुणीतरी पाहत राहावं. खुलाशाचा एक ठराव मी कार्यकारिणीकडे देतो, तपशील त्यांनी ठरवावेत. पत्रकार संरक्षण कायद्यासाठी आपण मोर्चे काढले, तो 2017 मध्ये विधिमंडळानं मंजूर केला. आपल्यापासून वाचकाचं संरक्षण कोण करणार, तेही त्याच उत्साहानं ठरवू या.

तरुण मित्रांनो, उद्या ऑफिसला गेलात की तुमच्या नावानिशी लागलेली अटकेची एक जुनी बातमी काढा. कोर्टात जाऊन त्या खटल्याचं काय झालं ते विचारा. माणूस सुटला असेल तर ते त्याच पानावर, तेवढ्याच आकारात, त्याच्या नावासह छापून आणा. संपादक नाही म्हणाला, तर त्याच्याशी भांडा.