न्यायमूर्तींच्या दालनातला कारकून



व्याख्यानमालेचे चालक घरी आले तेव्हा मी त्यांना म्हटले, अहो, मी दहावीनंतर शाळा सुटलेला माणूस. कायद्यावर मी काय बोलणार? ते म्हणाले, कामगार न्यायालयाच्या बाकावर बसून जे शिकलात तेच बोला. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ३६ होते. त्याच्या आधारे युनियनचा पदाधिकारी कामगाराच्या बाजूने उभा राहू शके. त्याला सनदही लागत नसे आणि काळा कोटही. तो कायदा जाऊन नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी संहिता आली. माझी शाळा मात्र ते जुने कलम. तेव्हा चुकलो तर सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर आपल्या रेवसच्या धक्क्यावर एक खलाशी मला भेटला. म्हणाला, “दादा, पोरीला पाच वर्षं वकिली शिकवली. आता म्हणते, मुंबईला न्यायाधीशाकडे कारकून होते. कारकुनीच करायची तर एवढं शिकवलं कशाला?” मी एकच विचारले : कायम की कंत्राटी? तो म्हणाला, एका वर्षाचं कंत्राट. मी ताडकन म्हटले, मग नको. तीस वर्षे कंत्राटी पद्धतीशी भांडलो आहे. दुसरे उत्तर तोंडातून येणार कुठून? पण ते उत्तर चुकले.

पहिला घोटाळा शब्दाचा. अलिबागच्या कोर्टात शिरस्तेदार असतो, नाझर असतो, बेलीफ असतो, लिपिक असतात. ही सरकारी नोकरी. कागद सांभाळावेत, तारखा लावाव्यात, नोटिसा बजावाव्यात. लॉ क्लार्क ही निराळी जात. उद्या बोर्डावर येणाऱ्या प्रकरणांचे कागद त्याने आज वाचायचे, त्यांचा सारांश काढायचा, जुने निकाल शोधून द्यायचे. निर्णय न्यायमूर्तींचा. दालनात कानावर पडेल ते बाहेर न्यायचे नाही. ही चाल अमेरिकेतली. मॅसॅच्युसेट्स राज्याचे सरन्यायाधीश होरेस ग्रे यांनी १८७५ साली कायद्याची परीक्षा नुकतीच झालेला एक तरुण मदतीला ठेवला. आज तिथल्या राज्या-राज्यांच्या न्यायालयांत विद्यार्थी शेवटचे वर्ष संपण्याआधीच अशा जागांसाठी अर्ज करतात.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली लेखी परीक्षा घेऊन असे कारकून निवडले. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही बसू दिले आणि महिना ८०,००० रुपये मानधन जाहीर केले. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०२५ च्या जाहिरातीत ६५,००० होते. वय २१ ते ३०, नेमणूक एका वर्षाची.

आता माझ्या कंत्राटाच्या हट्टाविषयी. कंत्राटी कामगारावर अन्याय कशात असतो? वर्षानुवर्षे तोच माणूस तेच काम करतो आणि दर वर्षी नवा म्हणून हजेरीपटावर चढतो. वर्ष संपले की तो होता तिथेच. ह्या पोरीचे तसे आहे काय, हे मी तपासलेच नव्हते. अलिबागच्या एका तरुण वकिलाने मला २० मे २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचून दाखवला. अमरावतीचे भूषण गवई तेव्हा सरन्यायाधीश होते. त्यांच्या खंडपीठाने ठरवले की कनिष्ठ दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायचे तर आधी तीन वर्षे वकिली हवी. २००२ साली ही अट उठली होती, ती परत आली. पण त्याच निकालात असेही आहे, की न्यायाधीशाकडे लॉ क्लार्क म्हणून केलेले काम ह्या तीन वर्षांत धरावे.

गरिबाच्या घरी ह्याचा अर्थ काय, तो हिशेब मला येतो. नवा वकील सीनियरच्या ऑफिसात बसतो, तेव्हा पहिली दोन-तीन वर्षे हातात काय पडते ते विचारू नका. अनेकदा जाण्यायेण्याचे भाडे सुटते. बापाचे ऑफिस असेल त्याला हे चालते. खलाशाच्या पोरीने तीन वर्षे कशावर काढायची? तिच्यासाठी पगाराचे एक वर्ष, आणि तेही हिशेबात धरलेले, म्हणजे मोठाच आधार.

आणखी एक गोष्ट माझ्या मनात आहे. आमच्या एका बडतर्फ कामगाराचा अर्ज उच्च न्यायालयात होता. आमच्या वकिलांना न सापडलेला जुना निकाल न्यायमूर्तींनीच समोर ठेवला आणि आमचा माणूस कामावर परत गेला. तो कोणी शोधला, मला ठाऊक नाही. पण फाईल आधी कोणीतरी नीट वाचली होती एवढे खरे. वाचणाऱ्याला मुकादम म्हणजे कोण, तांडेल म्हणजे कोण, हजेरी कशी कापतात हे ठाऊक असेल तर कागद लवकर बोलू लागतो. त्याने पक्ष घेऊ नये, समजावे मात्र. १९३३ ते १९३९ चरीच्या कुळांनी नांगर खाली ठेवले, ती गोष्ट आपण आजोबांकडून ऐकली. कसणारा एक आणि कागद वाचणारा दुसराच, हे दुखणे आपल्या खारेपाटाला जुने आहे.

एका अटीशी मात्र माझे भांडण आहे. त्या २०२५ च्या जाहिरातीत कायद्याची शेवटची परीक्षा पहिल्याच प्रयत्नात किमान ५५ टक्क्यांनी, नाहीतर पदव्युत्तर पदवी, असे होते. टक्के ठेवा, हुशारी पाहायलाच हवी. पण रात्रपाळी करून शिकणाऱ्याचा एक पेपर आजारपणात गेला, तर त्याची अक्कल कमी होते काय? चांगल्या कॉलेजातल्या मुलांची ओळख प्राध्यापक करून देतात. ह्याची कोण करून देणार? ह्याविषयी विद्यार्थ्यांनीच एकत्र येऊन लिहायला हवे. अर्जाचा मसुदा मी करून देईन, सवय आहे.

पोर पहिल्याच खेपेला पास झाली. सनद मिळाली. सध्या अलिबागला एका वकिलांकडे बसते. संध्याकाळी निकाल वाचून एकेका पानात सारांश लिहिते. इंग्रजी मला पुरते कळत नाही, म्हणून मी तिला तोच मराठीत सांगायला लावतो. जिथे अडखळते तिथे तिला स्वतःलाच समजलेले नसते, असे दोनदा निघाले. कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच बसते, पण आपला जिल्हा मुंबईकडेच. तेव्हा तिची वाट भाऊच्या धक्क्यावरूनच जाते. गुणपत्रके साक्षांकित करून फाईल तयार ठेवली आहे. बाप लाँच लावून वर आला, की मला रोज विचारतो, “दादा, जाहिरात निघाली का?”