कासवाचा सोबती
१९६५ साली जपानच्या दाइएई चित्रसंस्थेने 'गामेरा' हा बोलपट पडद्यावर आणला. पैसा बेताचा, चित्रण कृष्णधवल. अजस्र कासव म्हणजे सोंग पांघरलेला नट आणि त्याच्या पायांखालची नगरी चिमुकल्या नमुन्यांची! दिग्दर्शक नोरिआकी युआसा यांनी मात्र कथेत एक मूल आणले. घरच्यांच्या सांगण्यावरून तोशिओला आपले पाळीव कासव सोडून द्यावे लागते. ध्रुवप्रदेशातील अणुस्फोटाने जागा झालेला गामेरा दीपगृह मोडतो. पण कोसळणाऱ्या तोशिओला तोच अलगद झेलतो. थोरांना केवळ संहार दिसतो, मुलाला उपकारही दिसतो. अखेर शास्त्रज्ञ गामेराला अग्निबाणातून मंगळाकडे धाडतात. थोरांना हायसे वाटते. तोशिओ मात्र आपल्या सोबत्याला निरोप देतो. त्या तुटपुंज्या भांडवलाची खरी कमाई हीच.