व्यवसायाचा लॅपटॉप आणि त्याची बैठक
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



शिक्षणनिधी समितीवर असताना आमच्या हातून एक चूक घडली. ती कबूल करून तीतून निघणारा बोध आपणांपुढे ठेवावा, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

हिशेबाचा व्यवसाय घरीच आरंभणाऱ्या आपल्या ज्ञातीतील एका मुलीने लॅपटॉप, खुर्ची व वेगळा कळफलक यांसाठी कर्ज मागितले. आम्ही लॅपटॉपास संमती दिली आणि बाकीची मागणी चैन म्हणून खोडून टाकली. वर्ष सरले नाही तोच मान व मनगटे दुखू लागून तिला दीड महिना काम बंद ठेवावे लागले. कर्जाचे हप्ते मात्र थांबले नाहीत.

याचे कारण यंत्राच्या घडणीतच आहे. लॅपटॉपचा पडदा व कळफलक एकमेकांस जोडलेले असतात. हात सुखाने टेकावेत तर पडदा खाली राहून मान वाकते. पडदा उचलावा तर हात अधांतरी राहतात. प्रवासात हे चालते, रोजच्या आठ तासांस चालत नाही. जुने कारकून उतरत्या झाकणाची पेटी पुढ्यात घेऊन लिहीत, ते उगीच नव्हे.

उपाय फार खर्चाचा नाही. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीस येईल असा स्टँड घ्यावा. कळफलक व माउस वेगळे असावेत. पडदा हातभर अंतरावर ठेवावा. खुर्चीवर बसता पाय जमिनीस टेकावेत आणि हाताची कोपरे सुमारे काटकोनात राहावीत. खिडकी समोर वा पाठीशी नको, बाजूस असावी.

आता यंत्राविषयी. हिशेब, लेखन व पत्रव्यवहार यांस १६ जीबी रॅम व ५१२ जीबीची एसएसडी पुरेशी आहे. खेळांसाठीचे महागडे ग्राफिक्स कार्ड येथे निरुपयोगी होय. जुने यंत्र स्वस्तात मिळाले तरी ते विंडोज ११ चालविण्यास समर्थ आहे काय, हे पाहावे. कारण विंडोज १० ची सर्वसाधारण सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. तसेच सर्व नोंदींची दुसरी प्रत निराळ्या डिस्कवर अवश्य ठेवावी.

सबब समितीस आमची नम्र विनंती आहे, की यापुढे कर्ज यंत्र व बैठक या दोहोंस मिळून द्यावे. रक्कम वाढविणे शक्य नसेल तर यंत्र थोडे साधे घ्यावे. परंतु खुर्ची खोडू नये. अडतीस वर्षे आम्ही मुलांना ताठ बसण्यास सांगत आलो. ताठ बसण्यास आसनही लागते, हे मात्र आम्हांस त्या मुलीकडून शिकावे लागले.